पित्ताची काळजी करणारं यंत्र

माणसाने घर सोडून जायला माझी ना नाही. राम गेला, पांडव गेले, आमच्या आळीतला आबाजी न्हावी तर दोनदा गेला. पण जाताना माझी घोंगडी न्यावी, फडताळातला पितळी डबा न्यावा, दिवाळीची उरलेली शंकरपाळी डब्याच्या बुडापर्यंत खरवडून न्यावी, आणि दाराला कडी घालायची तेवढी विसरावी, की कुत्र्याने आत येऊन दुधाच्या पातेल्यात तोंड घालावं, ह्याला वागणं म्हणत नाहीत. आमचे हे गेले ते असे. मी गोठ्यात धारेला बसले होते. बाहेर वहाणांचा आवाज झाला तो मी ऐकलाही. वाटलं, परसाकडे चालले असतील. परसाकडे माणूस घोंगडी घेऊन जात नाही हे खरं, पण म्हशीच्या पोटाला कान लावून बसलं की वहाणा ऐकू येतात, घोंगडी ऐकू येत नाही. पातेलं घासताना मी मनाशी म्हटलं, भूक लागली की येतील. हे भुकेला कच्चे. देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकुनी करतात, तिथून संध्याकाळी चिंचवडला गाडीतून उतरले की स्टेशनपासून घरापर्यंतसुद्धा चण्याची पुडी लागते. तेव्हा मी शोधायला गेले नाही. आपण होऊन गेलेल्या माणसाला शोधायला जाणं म्हणजे त्याचा मान वाढवणं. दिवसभर कारखान्यांचे भोंगे झाले, दिवेलागण झाली, मी ताट मांडलं, ताटावर ताट झाकलं, आणि सकाळी ते म्हशीला घातलं.

बरं, जायचा दिवस तरी बघावा. रविवारी चाकणहून दौलतराव येणार होते, आमच्या इंद्रायणीला आपल्या मुलासाठी बघायला. मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, घरी बागायत, विहिरीला बारमाही पाणी. असं स्थळ चालून येत नाही. आणि मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा बाप ओसरीवर असावा लागतो. त्याने बोलायचं नसतं, करायचं काही नसतं, नुसतं असायचं असतं, जसं देवळात कासव असतं. पण कासव जागेवर नसलं की पहिली नजर तिथेच जाते. बाप कुठंय विचारल्यावर मी काय सांगणार होते? रानात गेलाय? एकदा बाप बैरागी झाला असं लोकांच्या तोंडी बसलं की पोरीला मागणी येत नाही. लोक म्हणतात, ह्या घरच्या माणसांना घर सोडायची खोड आहे, उद्या सूनही जाईल. बोलणं तसं सगळं ठरल्यातच होतं. दौलतरावांना लग्न माघात हवं होतं. इंद्रायणीची मॅट्रिकची परीक्षा फाल्गुनात. मी निरोप पाठवला, परीक्षेचं एवढं काय, माघ तर माघ. ह्यांना जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." हे प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतात. मी तर त्यांच्या तोंडातून दुसरं अक्षर लग्नात मंगळसूत्र बांधतानासुद्धा ऐकलं नाही. तेव्हाही भटजी म्हणाले, घट्ट बांधू नका, तर हे म्हणाले, बरं, आणि गाठ सुटली.

मला हे गेले त्याचं वाईट वाटलं नव्हतं हे मी आधी सांगून ठेवते. वाईट वाटलं दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तेही कुसुमताईमुळे. कुसुमताई आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते, तिचा नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, मूळची साताऱ्याकडची, सातवी पास. मी मराठी दुसरीपर्यंत गेले. पुढे गेले असते, पण घरी म्हैस व्याली. अक्षर मला लागतं, पण बोट ठेवून, आणि जोडाक्षरापाशी बोट अडखळतं, म्हणून दुपारी मी तांदूळ निवडते आणि कुसुमताई मासिक वाचून दाखवते. त्या मासिकात वर्षभर ह्यांची कादंबरी येते आहे, दर महिन्याला एक तुकडा. आधी कोणी विचारत नव्हतं. रशियाने आकाशात गोळा सोडला आणि ह्यांचा भाव वाढला, स्टेशन मास्तर हाक मारून चहा पाजायला लागला, जणू गोळा ह्यांनीच ढकलला. कादंबरी दोन हजार सालातली. ज्योतीराम नावाचा एक शास्त्रज्ञ, त्याने माणसाला पडणारी स्वप्नं बाटलीत भरायची युक्ती काढलेली, सरकारला ती बाटली पाहिजे, म्हणून तो रानात पळतो, आणि त्याच्या मागे सरकारने एक शोधक यंत्र सोडलेलं आहे. लोखंडाचं अंग, पितळेचं नाक. ते झोपत नाही, थकत नाही, ओढा लागला तरी वास सोडत नाही. ज्योतीराम बारा महिने पळतोय आणि त्याने अजून एकदाही भाकरी खाल्लेली नाही. मी ह्यांना विचारलं होतं, हा खातो काय? तर म्हणाले, गोळी. मध्ये एक सिंह येऊन गेला. म्हटलं, आपल्या मावळात तरस आहे, बिबट्या आहे, सिंह कुठला? तर म्हणाले, दोन हजार साली असेल. पण पळून पळून हा ज्योतीराम जातो कुठे, तर भामचंद्राच्या डोंगरावर. जाणारच. ह्यांनी जन्मात तो एकच डोंगर चढलेला, लग्नानंतर, माझ्याबरोबर, आणि तोही अर्ध्यावर बसून.

तर कुसुमताई वाचत होती. रात्र आहे, ज्योतीराम कपारीत दडला आहे, यंत्र हळूहळू जवळ येतं. त्याच्या नाकाचा पितळी वास येतो. ते कपारीच्या तोंडाशी थांबतं आणि गोड आवाजात म्हणतं, "उन्हात बसू नका. पित्त होईल." कुसुमताई फिसकन हसली. पुढची ओळ, "कोठेही गेलात तरी जेवायला घरीच याल." ती आणखी हसली, आणि मग एकदम हसायची थांबली आणि माझ्याकडे न बघता पदराने मासिकावरची नसलेली धूळ पुसायला लागली. तिचं ते थांबणं मला लागलं. हसली असती तर लागलं नसतं. सुपातला तांदूळ माझ्या हातात तसाच राहिला, एक खडा बोटांत धरलेला. पित्त होईल. हे मी रोज म्हणते. ह्यांनी माझी बोली धुऊन, वाळवून, घडी घालून छापली होती एवढंच. मी काय, पित्त व्हईल, म्हणते. "पुढं वाच," मी म्हटलं. "पुढे क्रमशः आहे, काकू," ती म्हणाली. "उद्धवरावांनी बहुतेक ते गमतीने…" मी म्हटलं, "तुझा भात लागतोय." तिचा भात लागत नव्हता, पण ती उठून गेली.

मग मी एकटीच बसले. समोर इंद्रायणी पुस्तकाशिवायच भूमितीची आकृती काढत होती, तिची पट्टी पाटीवर टकटक वाजत होती. मला कोणी लोखंड म्हटलं तर राग यायचा नाही. ह्या घरात लोखंड लागलं म्हणून तर घर उभं राहिलं. सासरे गेले, दिरांनी वाटण्या मागितल्या, पिंपरीकडच्या रानात मोजणीचे खांब रोवायला माणसं आली, तेव्हा हे ओसरीवर बसून प्रत्येकाला बरं म्हणत होते आणि मी दारामागून नाही म्हणत होते. माझ्या नाहीच्या सावलीत ह्यांचं बरं बसलं इतकी वर्षं. पण एक गोष्ट आत कुठेतरी टोचत होती, दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखी. दोन हजार साली मी असणार नाही. हे असणार नाहीत. इंद्रायणी म्हातारी होईल. माझा एक आवाज तेवढा ह्यांनी पुढे पाठवला, रशियाच्या गोळ्यासारखा, आणि तो लोखंडाच्या अंगात घालून. जगातलं सगळं संपलं तरी तो रानोमाळ हिंडणार, कोणी भेटलं की पित्ताचं विचारणार. आणि भेटणार तो पळणार. चार घरच्या बायांना नवरा मारतो, सोडतो, दुसरी आणतो. मला नवऱ्याने यंत्र केलं. ह्याची कुठे तक्रार करायची तेही माहीत नव्हतं. तेवढ्यात इंद्रायणीने मान वर न करता विचारलं, "आई, बाबा रविवारपर्यंत येतील ना?" पोरीने परीक्षेचं एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हटलं, "आनते." आणि म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं, की आता मी निघाले शोधायला, वास धरून, ह्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या सोपानरावांची बैलगाडी जुंपून घेतली. देहूवरून, इंद्रायणी नदी उतरून, पलीकडच्या मुरमाड वाटेने. गाडीत एक फडकं भाकरी, कांदा, आणि ह्यांच्या पित्तावरची सुंठ. सुंठ हातात आली आणि मी ती परत ठेवायला निघाले होते. मग म्हटलं, यंत्र तर यंत्र. भामचंद्राच्या पायथ्याला सगळीकडे गवत पिवळं झालेलं, कमरेएवढं, आणि पायात कुसळं अशी शिरत होती की प्रत्येक पावलाला एक शिवी. गाडी खाली सोडून मी चढायला लागले, आणि तिथे माझ्या ध्यानात आलं की मी रानात आले आहे एका माणसाला हुडकायला, आणि त्याला हाक मारायची सोय नाही. नवऱ्याचं नाव मी उखाण्यात घेतलेलं ते शेवटचं. तेही उखाण्यात यमक असतं म्हणून, मोकळ्या रानात नुसतं ओरडायला यमक कुठून आणू? "अहो" अशी हाक मारावी तर त्या डोंगरावर जेवढे पुरुष असतील तेवढे सगळे अहोच. शेवटी सुचलं. हे आपल्या पुस्तकातल्या माणसाचं नाव ऐकून तरी मान वर करतील. मी तोंडाभोवती हात धरले आणि हाक दिली, "ज्योतीराम…"

गवतातून एक माणूस उठला, हातात विळा, डोक्याला टापर. "काय वो?"

"तू न्हवं," मी म्हटलं.

"मंग कोन? हितं ज्योतीराम मीच हाय. दुसरा वाडीत हाय, पर त्यो भैरा हाय, त्याला हाका मारून उपेग न्हाई."

त्याला सगळं सांगावं लागलं. माझा माणूस हरवलाय, चष्मा आहे, टक्कल आहे, माझ्या घोंगडीसकट आहे. तो म्हणाला, नाव काय मालकाचं? मी म्हटलं, नाव मी घेणार नाही, तू वळख. कृष्णाचा निरोप घेऊन गोकुळात कोण गेलं होतं?

"अक्रूर," तो म्हणाला.

"त्यो किस्नाला न्यायला आला व्हता. मी निरोपाचं म्हनते."

"त्योच की. न्यायला आला म्हंजे निरोप आसंलच कायतरी," असं म्हणून तो टेकाडावर चढला आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "अक्रूरराव!" अक्रूरराव कशाला ओ देतात. पण वरून, गुहेच्या बाजूने, नारळ फोडल्याचा आवाज आला. ज्योतीरामाने विळा कमरेला लावला. "चष्मेवालं? घोंगडीवालं? आवो आक्का, मंग महाराज म्हना की."

असं झालं होतं. हे परवा येऊन गुहेशी बसले आणि लिहायला लागले. त्या डोंगरावर जो माणूस बोलत नाही आणि कागद घेऊन बसतो, त्याला काय म्हणायचं हे तिथल्या लोकांचं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. पहिल्यांदा एक म्हातारी आली. तिने विचारलं, महाराज, सून नांदायला यील का? हे म्हणाले, बरं. संध्याकाळी सून आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. झालं. दुसऱ्या दिवशी म्हैस हरवलेला आला, पोर बोलत नाही म्हणणारा आला, भावकीत भांडणारे दोघे तर एकदमच आले, आणि ह्यांनी दोघांनाही बरं म्हटलं, तर दोघं गळ्यात पडले. दुपारपर्यंत गुहेपुढे रांग. ह्यांनी माणसाशिवायची जागा हुडकली ती अशी. आणि आज सकाळपासून महाराज गायब झाले होते, लोक टाळ घेऊन वाट बघत होते. "म्या बी आलतो," ज्योतीराम म्हणाला. "बैलाच्या खुराचं इचारलं. बरं म्हनले. पर बैल आजून लंगडतोय. माजा न्हाई इस्वास तेंच्यावर." चालता चालता मी त्याला कादंबरीही सांगितली, कारण त्याच्या नावाने मी हाक का मारली हे विचारायचं तो सोडेना. त्याला ते काही पटलं नाही. "माज्या नावाचा मानूस वरीसभर पळतोय, आन् मला कुनी इचारलं बी न्हाई? भाकर न्हाई म्हनता? ह्ये तुमच्या मालकास्नी सोभत न्हाई, आक्का."

करवंदीच्या एका जाळीशी मला शंकरपाळ्यांच्या तुपाचा वास आला. खोटं कशाला सांगू, वासानेच सापडले. आत घोंगडी होती आणि घोंगडीत हे. मला बघून पहिलं काय म्हणाले, तर, "अगं, खाली बस, दिसशील." मी काट्यांतून आत शिरले आणि बसले. म्हणजे आता दोघं लपलो. वर टाळ वाजत होते. दाढीचे खुंट वाढलेले, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली, धोतर कुसळांनी असं भरलेलं की जणू साळिंदराने धोतर नेसलं आहे. मी भाकरीचं फडकं पुढे केलं. ते खात होते आणि मी त्यांच्या धोतराची कुसळं काढत होते, एकेक, आणि माझ्या डोक्यात जे वाटेभर घोळत होतं ते तोंडाशी येऊन थांबत होतं. शेवटी विचारलं. "त्या यंतरात मी हाय का?"

ह्यांनी घास गिळला. "आवाज तुझा आहे."

"आन् नाक?"

"नाक पितळेचं आहे," हे म्हणाले, जणू त्यात समाधान मानण्यासारखं काही होतं.

"माज्यापास्नं पळाला तुमी?"

"तुझ्यापासून?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. घास हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. "छे. तुझ्यापासून कशाला? त्या रात्री जेवताना तू परीक्षेचं म्हणालीस आणि मी बरं म्हटलं. इंदू दारात उभी होती, तिने ते ऐकलं आणि भूमितीचं पुस्तक उचलून फळीवर ठेवलं. त्या माझ्या बरंपासून पळालो मी. आणि हे लोक बघ, मी इथे आलो तरी तेच मागतात."

आता माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण पाठोपाठ जो राग आला तो सांगायची सोय नाही. इतकी वर्षं संसार केला, लोखंड झाले, काट्याकुट्यातून बैलगाडी घालून आले, आणि माझ्यापासून पळावं असंसुद्धा ह्यांच्या मनात आलं नव्हतं. बाकी कोणत्याही बाईला निदान तेवढा मान मिळतो. "मंग त्या यंतराला माजा आवाज कशापायी?" मी विचारलं. हे म्हणाले, "दुसरा कुठला आवाज मला पाठ नाही." मी कुसळ काढायचं थांबवलं. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं आणि परत आलं. मग हे हळूच म्हणाले, शेवट अडलाय. यंत्र ज्योतीरामाला गाठतं आणि म्हणतं, चला. आणि मी लिहायला बसलो की तो बरं म्हणतो आणि मुकाट्याने त्याच्या मागे चालायला लागतो. दर वेळी फाडतो, दर वेळी तेच. जाळीबाहेर ज्योतीराम तंबाखू मळत उभा होता, तो तिथूनच म्हणाला, "म्या न्हाई जानार. ल्हिऊन ठिवा." ह्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "तुमचाच मानूस हाय. आन् उपाशी ठिवल्याबद्दल तुमच्यावर चिडलाय."

लोकांना चुकवून खाली उतरवलं ते ज्योतीरामानेच, मला पुढे, ह्यांना घोंगडीत गुंडाळून गवताच्या भाऱ्याआड. घरी पोचलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. इंद्रायणीने बाबांच्या पायावर पाणी घातलं.

रविवारी दौलतराव आले, बरोबर मुलगा, इस्त्रीचा सदरा, हाताच्या नखांत कारखान्याचं काळं. हे ओसरीवर होते, दाढी केलेली, हात गुडघ्यावर. इंद्रायणी पोहे देऊन बसली. नाव, गाव, स्वयंपाक, सगळं झालं. मी दारामागे, हातात चहाची किटली. दौलतराव म्हणाले, "पसंत हाय आमास्नी. परीक्षा बिरीक्षा ऱ्हाऊ द्या, माघाचा मुहूर्त धरू. काय?" आता बरं येणार हे मला ठाऊक होतं. त्या बरंची मला इतकी सवय आहे की ते येण्याआधीच कानात वाजतं. किटलीचं हँडल तापत होतं. इंद्रायणीच्या मानेवर एक केस चिकटला होता, तो मला दारामागून दिसत होता. मग ह्यांच्या घशातून आवाज आला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. "नाही."

ह्यांनी एकदा खाकरून घेतलं. "परीक्षा फाल्गुनात आहे. ती देईल. लग्न वैशाखात."

दौलतराव ह्यांच्याकडे बघतच नव्हते. ते दाराकडे बघत होते. ह्या घरातला शब्द कुठून येतो हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. "मंजुळाबाई," ते म्हणाले, "तुमचा निरोप तर येगळा व्हता." स्थळ माझ्या हातात होतं. एक शब्द टाकला असता, ह्यांची चेष्टा केली असती, उन्हातून आलेत, डोकं फिरलंय, तर माघाचा मुहूर्त पक्का. विहिरीला बारमाही पाणी. आणि माझा निरोप खोटा पडला हे चाकणपर्यंत बोललं जाणार होतं, तो निराळाच भोग. ह्यांनी मान वळवली नाही. वळवली असती, माझ्याकडे बघितलं असतं, तर मी काय बोलले असते सांगता येत नाही. पण ते समोर बघत बसले होते, घाम पुसतसुद्धा नव्हते.

"निरोप माजा व्हता," मी दारामागून म्हटलं. "शब्द त्यांचा हाय."

दौलतरावांनी पान तोंडात फिरवलं. उठतात की काय असं वाटलं, उपरण्याला हातही गेला. तेवढ्यात तो मुलगा, जो आल्यापासून मुका होता, खाली बघून म्हणाला, "आप्पा, फाल्गुनात माजी बी परीक्षा हाय. कारखान्याची. पास झालो तर बढती हाय." दौलतराव त्याच्याकडे बघत राहिले. "तू बोलला न्हाईस आदी." "तुमी इचारलं न्हाई," तो म्हणाला. मग त्यांनी उपरणं परत मांडीवर टाकलं आणि बशीत चहा ओतला. वैशाख तर वैशाख.

ते गेले. इंद्रायणीने फळीवरून भूमिती खाली काढली. हे ओसरीवर तसेच बसलेले, आणि मी कपबशा गोळा करायला आले तर माझ्याकडे असे बघत होते, जसे मासिकात नवा तुकडा छापून आला की बघतात. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. मी बशा एकात एक घातल्या, कमरेवर हात ठेवला आणि सांगितलं.

"आयका. पळनं तुमच्या हाताला न्हाई. पळून गेला त्यो एका दिसात देव हून बसला, असला पळपुटा म्या जन्मात बघितला न्हाई. बसल्या जागी न्हाई म्हनायचं, त्ये तुमाला जमतंय. आज चांगलं म्हनलात, पर आवाज लई बारका व्हता, दाराआड कान लावावा लागला. सराव करा. आन् त्यापायी डोंगूर चढाया नगं, मी हाय की घरात. उद्यापास्नं आदी मला न्हाई म्हनाया शिका."